जड जॉब हळू झुलतो

घारीचं खरं नाव कारखान्यात फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ती घारच. शेडच्या छताखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुळांवर धावणारी मोठी क्रेन ती चालवायची. क्रेनला लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये, जमिनीपासून बारा मीटरवर तिची खुर्ची. तिथून खाली सांडलेला नटसुद्धा तिला दिसतो, असा तिचा लौकिक होता. खाली मोठ्या पंपांची ओतीव कवचं तासली जायची. अशा प्रत्येक नगाला तिथे ‘जॉब’ म्हणत. आठ-आठ, दहा-दहा टनांचा जॉब एका यंत्रावरून उचलायचा आणि दुसऱ्यावर बोटभर जागेत अलगद टेकवायचा, हे घारीचं काम. चौदा वर्षांत तिच्या हातून एकही जॉब कुठे आपटला नव्हता.

त्या वर्षी शेडचा सुपरवायझर निवृत्त व्हायचा होता. फोरमननं घारीला खाली बोलावून घेतलं.

“जागा तुझीच आहे, कुणालाही विचार,” तो म्हणाला. “पण कागदावर बारावी सायन्स पास लागतं.”

“मी नापास आहे. फिजिक्समध्ये. सहा मार्कांनी.”

“मग ते सहा मार्क घेऊन ये. वर्षभर मी जागा कशीबशी रेटून धरतो. पुढे माझ्या हातात काही नाही.”

घार हसली आणि परत शिडी चढून गेली. पण दिवसभर तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सहा मार्क. एकोणीस वर्षं झाली होती त्याला. आणि गंमत म्हणा की नशीब म्हणा, ज्या बाईंनी तिला बारावीला फिजिक्स शिकवलं होतं, त्या आता तिच्याच घरात, मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत असायच्या. त्या तिच्या सासूबाई होत्या.

हे जमलं कसं, त्याची हकिगत लांबलचक नाही. बाईंचा मुलगा चष्म्याची भिंगं घासायच्या दुकानात होता, घार वडिलांचा चष्मा घेऊन तिथे गेली होती, चष्मा तीनदा बिघडला आणि चौथ्यांदा बिघडला नसतानाही ती गेली. बाईंनी लग्नाला आडकाठी केली नाही. ‘माझीच विद्यार्थिनी,’ एवढंच म्हणाल्या. घारीच्या तोंडात मात्र ‘बाई’च बसलं होतं. ‘आई’ म्हणायला जीभ वळेना, आणि त्यांनीही कधी सुचवलं नाही. चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, जन्मभर हातात पोलादी पट्टी घेऊन वर्गात गेलेल्या या बाईंशी घारीचं बोलणं भाजी, औषधं आणि पोरीची शाळा यापलीकडे सहसा जात नसे. फिजिक्स हा शब्द तर त्या घरात दोघींमध्ये कधी उच्चारलाच गेला नव्हता.

त्यालाही कारण होतं. बारावीच्या वर्गात लंबक शिकवताना बाईंनी फळ्यावर आवर्तकालाचं सूत्र लिहिलं. एका झोक्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो, गोळ्याच्या वजनावर नाही. घारीनं हात वर केला. वजन कुठे गेलं, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, “गेलं. पाठ करून टाक. तुला एवढं समजून कुठे जायचंय?” वर्ग खळखळून हसला. घार खाली बसली ती बसलीच. त्यानंतर तिनं वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही, आणि परीक्षेतही बऱ्याच प्रश्नांपुढे जागा कोरी सोडली.

आता तिनं बाहेरून परीक्षा देण्याचा अर्ज आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायला घेतला. नवऱ्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “आईकडून शीक की. घरातच खाण आहे.” घारीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळून चहा ओतायला लागला.

पण बाईंनी अर्ज पाहिलाच. पाणी प्यायला आल्या होत्या. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी अर्ज वाचला, विषयाच्या नावावर बोट ठेवलं, आणि म्हणाल्या, “उद्यापासून चार वाजता. वही दोनशे पानी. एका बाजूला लिहायचं.”

घारीची पहिली पाळी तीनला सुटायची. चार वाजता ती टेबलाशी हजर असायची. एका बाजूला ती, समोर बाई, आणि टेबलाच्या टोकाला सातवीतली पोरगी आपली चित्रं रंगवत. “आपल्या घरात सगळ्यात कमी अभ्यास मलाच आहे,” असं ती शाळेत सांगत सुटली.

सुरुवातीला घारीला धडकीच भरायची. पण बाई बदलल्या होत्या की ती, कोण जाणे. आता पन्नास पोरांचा वर्ग नव्हता, घंटा नव्हती, संपवायचा अभ्यासक्रम होता पण घाई नव्हती. बाई एक गोष्ट तीन-तीन वाटांनी सांगायच्या. आणि घारीला आता बऱ्याच गोष्टी आधीच ठाऊक होत्या, फक्त त्यांची नावं ठाऊक नव्हती. जडत्वाचा धडा आला तेव्हा ती म्हणाली, “हे रोजचंच आहे. क्रेन निघाली की जॉब मागे रेंगाळतो, थांबली की पुढे पळतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की आपण थांबलोय म्हणून.” बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात परत म्हणून पाहिल्यासारखं केलं, आणि पान उलटलं.

लेन्झच्या नियमाच्या दिवशी मात्र घरात हसू उसळलं. बाई समजावून सांगत होत्या, “तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक आणलं की वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो, आणि तो अशा दिशेनं वाहतो की त्या येण्याला विरोध व्हावा. चुंबक न्यायला लागलीस तर त्या जाण्यालाही विरोध. काहीही बदल कर, त्याला आडवं जायचं.”

दारात नवरा बूट काढत होता. “येऊ पण द्यायचं नाही आणि जाऊ पण द्यायचं नाही,” तो म्हणाला. “फार ओळखीचं वाटतंय.”

घारीनं ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच. बाईंनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “विरोध नसता तर तुमच्या कारखान्याला वीज मिळाली नसती. फुकट काही मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लिही.”

त्या दिवसापासून टेबलावरचा ताण जरा सैल झाला.

आणि मग लंबकाचा धडा आला.

घारीला वाटलं होतं, बाई आज काहीतरी बोलतील. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी दाराच्या चौकटीला दोरा बांधला, टोकाला लहान कुलूप अडकवलं, झोका दिला. मग कुलूप काढून त्याच लांबीवर मोठं कुलूप अडकवलं. दोन्हींचा वेळ सारखा. “आता का ते बघ,” बाई म्हणाल्या. “जितकं जड, तितकं पृथ्वी त्याला जास्त ओढते. पण जितकं जड, तितकं ते हलायला जास्त कुरकुर करतं. दोन्ही गोष्टी अगदी बरोबरीनं वाढतात. दुप्पट ओढ, दुप्पट कुरकुर. म्हणून हिशेबातून वजन निघून जातं. हरवत नाही, दोन्ही बाजूंनी कटतं.”

इतकं सोपं होतं ते. दोन मिनिटांचं. घार कुलपाकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर आलं की विचारावं, हे तेव्हा का नाही सांगितलंत? पण विचारलं भलतंच.

“पण बाई, खरं तसं नसतं.”

“काय नसतं?”

“जड जॉब हळू झुलतो. रिकामा हुक भरभर झुलतो, दहा टन लावले की झोका मंदावतो. चौदा वर्षं बघतेय मी.”

“भास आहे तो. जड वस्तू आपल्याला संथ वाटते.”

“भास नाही. हाताला माहीत आहे माझ्या. त्याच हिशेबानं मी लिव्हर मागेपुढे करते. भास असता तर आतापर्यंत चार भिंती पाडल्या असत्या.”

बाईंचा आवाज चढला. “चारशे वर्षं जगभर लोक मोजतायत. ते सगळे चुकले आणि तू एकटी बरोबर?”

“मी कुठे म्हणते बरोबर? मी म्हणते हळू झुलतो.”

पोरीनं रंगाची डबी बंद केली आणि ती हळूच बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी घार मोजायच्या तयारीनंच कामावर गेली. केबिनमध्ये एक आकडा कायम दिसायचा. तार गुंडाळणाऱ्या वरच्या ढोलापासून हुकापर्यंत किती मीटर तार सोडली आहे, तो. तिनं तार नऊ मीटरवर आणली, रिकाम्या हुकाला वीतभर झोका दिला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे डोळा ठेवून दहा झोके मोजले. साठ सेकंद. एका झोक्याला सहा. थोड्या वेळानं जेवणाची सुट्टी झाली. खाली चिटपाखरू नव्हतं, आणि आठ टनांचं एक कवच पट्ट्यांनी हुकाला अडकवून तयार होतं. ते तिनं उचललं. आकडा पुन्हा नऊवर आणला. मग आयुष्यात पहिल्यांदा भरलेल्या क्रेनला मुद्दाम झोका दिला, तोही वीतभरच. दहा झोके. सत्तर सेकंद.

पुन्हा मोजले. सत्तर.

चार वाजता तिनं वही बाईंसमोर ठेवली. रिकामा हुक, नऊ मीटर, सहा सेकंद. आठ टन, नऊ मीटर, सात सेकंद.

बाईंनी पेन्सिल घेतली. सूत्रात नऊ मीटर घातले, गणित केलं. सहा सेकंद आले. रिकाम्या हुकाचं उत्तर चोख होतं. मग त्या दुसऱ्या ओळीकडे बघत बसल्या. “मोजण्यात चूक,” त्या म्हणाल्या.

“दोनदा मोजलं.”

“तुझं घड्याळ?”

“एकच घड्याळ. त्यानंच पहिलंही मोजलं.”

त्या दिवशी त्यांनी पुढचा धडा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशाचं अपवर्तन शिकवलं, पण मन त्यात नव्हतं. एकच आकृती त्यांनी दोनदा काढली. घारीला आपण जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो होईना. खुर्चीत बसलेल्या त्या बाईकडे बघून तिला कसंसंच वाटायला लागलं. ज्या एका गोष्टीवर माणूस चौतीस वर्षं उभं राहिलं, तीच आपण पायाखालून ओढली की काय, असं.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता बाई म्हणाल्या, “मला तिथे येता येईल का? तुझ्या कारखान्यात?”

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सासूबाईंनी सुनेचं कामाचं ठिकाण कधी बघितलं नव्हतं, बघायची इच्छाही दाखवली नव्हती.

फोरमननं परवानगी काढली. शनिवारी दुपारी पाळी सुटल्यावर, यंत्रं बंद असताना, अर्धा तास. बाई इस्त्रीचे कपडे घालून, पर्समध्ये वही, पेन्सिल आणि ती पोलादी पट्टी घेऊन आल्या. फाटकावर त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, ते सारखं चष्म्यावर घसरत होतं. शेडमध्ये पाऊल टाकल्यावर त्या थबकल्या. वर बघितलं. छताखालचा तो लोखंडी पूल, त्याला चिकटलेली काचेची पेटी, आणि तिथे चढून जाणारी सरळसोट शिडी.

“तू रोज इथून चढतेस?”

“दिवसातून चारदा. पाणी कमी प्यायलं तर दोनदा.”

बाईंनी पहिल्यांदाच तिच्या दंडाला हात लावला, जसा एखाद्या वस्तूची मजबुती बघायला लावावा तसा. मग हात काढून घेतला.

फोरमननं त्यांना पिवळ्या रेघेच्या बाहेर खुर्ची दिली. घार वर गेली. आधी रिकामा हुक झुलवला, नऊ मीटरवर. खाली बाई मोठ्यानं मोजत होत्या, फोरमन घड्याळ धरून उभा होता. साठ सेकंद. मग तेच आठ टनांचं कवच पट्ट्यांना बांधून घेतलं, उचललं, आकडा नऊवर.

झोका द्यायच्या आधीच बाईंनी हात वर केला. थांब, असा.

घारीनं काचेतून खाली पाहिलं. बाई खुर्चीतून उठल्या होत्या आणि रेघेच्या कडेला येऊन हुकाकडे बघत होत्या. मग हुकाखालच्या पट्ट्यांकडे. मग पट्ट्यांखाली लोंबणाऱ्या त्या अजस्र कवचाकडे. त्या फोरमनला काहीतरी विचारत होत्या. फोरमन हातानं माप दाखवत होता. मग बाई चक्क जमिनीवर बसल्या, मांडीवर वही घेतली आणि लिहायला लागल्या.

घार घाईघाईनं जॉब टेकवून खाली उतरली. “काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

“तू लांबी कुठपर्यंत मोजलीस?” बाईंनी वर न बघता विचारलं.

“हुकापर्यंत. आकडा तेवढाच दाखवतो.”

“आणि हुकाखाली हे काय आहे?”

घारीनं पट्ट्यांकडे पाहिलं. चौदा वर्षं ते पट्टे तिच्यासमोर होते. दोन मीटरचे. आणि त्याखाली अडीच मीटर उंचीचं कवच.

“झुलतोय तो हुक नाही,” बाई म्हणाल्या. “झुलतोय तो जॉब. लांबी मोजायची ती त्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत. नऊ मीटर तार, दोन मीटर पट्टे, आणि कवचाची निम्मी उंची, सव्वा मीटर. सव्वाबारा.” त्यांनी वही फिरवली. सूत्रात सव्वाबारा घातले होते. उत्तर होतं सात सेकंद.

घार म्हणाली, “थांबा, मोजून बघते.”

“आता काय मोजणार? गणित आलं की.”

“गणितावर कोण विश्वास ठेवतं?” असं म्हणून ती पुन्हा शिडी चढली. तोवर फोरमननं पट्टे हुकातून सोडवले होते, हुक रिकामा होता. तिनं तार सोडत सोडत आकडा सव्वाबारावर आणला आणि रिकाम्या हुकाला झोका दिला. वजन नाही, पट्टे नाहीत, नुसती लांबी. खाली बाई मोजायला लागल्या. नऊ, दहा. फोरमननं घड्याळ वर करून दाखवलं. सत्तर.

केबिनमध्ये घार एकटीच हसली. तिचा हात खोटं बोलत नव्हता. जड जॉब खरंच हळू झुलत होता. आणि पुस्तकही खोटं बोलत नव्हतं. जड जॉबला पट्टे लागतात, तो खाली लोंबतो, एवढंच होतं ते.

तिनं सव्वाबारा मीटरवर झुलणारा हुक आता थांबवायला घेतला. तिच्यासाठी ते श्वास घेण्याइतकं नेहमीचं होतं. हुक पुढे निघाला, टोकाला पोचता पोचता तिनं क्रेनही त्याच दिशेला एक धक्का देऊन त्याच्या डोक्यावर नेली आणि तिथेच रोवली. हुक उभ्याचा उभा थांबला. जणू कधी हललाच नव्हता.

खाली आली तेव्हा बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

“हे काय केलंस?”

“काय?”

“थांबवलंस. कसं थांबवलंस? ब्रेक लावला की झोका वाढायला पाहिजे.”

“ब्रेक नाही लावायचा. त्याच्या मागे जायचं.” घार शब्द शोधत होती. हे तिनं कधी कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. नव्या पोरांना ती हातावर हात ठेवून शिकवायची. “टोकाला गेला की क्षणभर तो थांबतोच, हो ना? तेव्हा त्याचा वेग शून्य. त्याच क्षणी आपण त्याच्या बरोबर डोक्यावर असायचं. मग त्याला परत यायला कारणच उरत नाही. खाली ओढणारी पृथ्वी आहे, वर धरणारी तार आहे, बाजूला ओढणारं कुणी नाही.”

बाईंनी वहीचं नवं पान काढलं. “पुन्हा सांग. सावकाश.”

ती सांगत गेली आणि बाई लिहीत गेल्या. फोरमन बिचारा किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन बाजूला उभा राहिला. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला होता.

परतताना बसथांब्यावर गर्दी नव्हती. दोघी बाकावर बसल्या. हेल्मेटचा वळ बाईंच्या कपाळावर उमटला होता. घारीनं मनाशी ठरवलं नव्हतं, पण बोलून गेली.

“बारावीला मी तुम्हाला हेच विचारलं होतं. वजन कुठे गेलं म्हणून.”

“हो का?”

“तुम्ही म्हणालात, पाठ करून टाक. तुला एवढं समजून कुठे जायचंय. सगळे हसले होते.”

बाई रस्त्याकडे बघत राहिल्या. एक बस आली, ती त्यांची नव्हती, गेली.

“मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या.

घारीला वाटलं होतं, हे कधी बोलले तर त्या नाही तरी म्हणतील किंवा माफी तरी मागतील. हे तिसरंच होतं. एकोणीस वर्षं ती जे उराशी धरून होती, ते त्यांच्याकडे नव्हतंच. तिला राग यायच्या ऐवजी एकदम थकल्यासारखं झालं.

“पण म्हणाले असेन,” बाई म्हणाल्या. “खोटं नाही म्हणत मी तुला. मी पुष्कळांना म्हणायचे तसं. मुलींना जास्त. ज्या विचारायच्या त्यांनाच.” त्यांनी पर्सची चेन उघडली, बंद केली. “खरं कारण सांगू? मला तेव्हा स्वतःलाच ते धड कळलेलं नव्हतं. सूत्र काढता यायचं. का, ते नाही. निवृत्त झाल्यावर रिकामपणी बसून बसून कळलं. आणि तेव्हा सांगायला समोर कुणी नव्हतं.”

“मी होते,” घार म्हणाली. “घरातच होते.”

त्यांची बस आली. बसमध्ये एकच जागा रिकामी होती. घारीनं त्यांना बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभी राहिली. दोन थांब्यांनंतर बाईंनी तिची जड पिशवी हातातून काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

पुढचे चार महिने चार वाजता वही उघडत राहिली. सगळं सुरळीत झालं असं नाही. बाई अजूनही चिडायच्या, एकदा तर त्यांनी ‘तू म्हणजे दगड’ म्हणून वही मिटली, आणि घारही दोन दिवस टेबलाकडे फिरकली नाही. पण तिसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या डब्यात एक चिठ्ठी घातली. त्यावर ते अडलेलं उदाहरण चौथ्या पद्धतीनं सोडवलेलं होतं. घारीनं ती चिठ्ठी केबिनमध्ये वाचली, आणि वर बसल्या बसल्या तिला ते समजलं.

प्रात्यक्षिक परीक्षेला घारीच्या वाट्याला लंबक आला नाही, भिंगाचं नाभीय अंतर आलं. आजूबाजूला सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं. एका पोरीनं तिला परीक्षक समजून उभं राहून नमस्कारही केला. पोरं उत्तर आधी लिहून त्यावरून नोंदी जुळवत होती. घारीच्या नोंदी जुळेनात. एक तर भलतीच लांब गेली. क्षणभर तिला मोह झाला. मग तिनं ती तशीच लिहिली आणि खाली टीप टाकली की ही नोंद घेताना टेबलाला धक्का लागला होता. परीक्षकांनी ती टीप वाचून चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “काय करता तुम्ही?”

“क्रेन चालवते.”

“तरीच,” ते म्हणाले, आणि तोंडी परीक्षेत त्यांनी तिला पाचऐवजी नऊ प्रश्न विचारले. सातांची उत्तरं तिला आली.

लेखी परीक्षेच्या दिवशी बाई दारापर्यंत आल्या. सूचना काही दिल्या नाहीत. “पाणी प्यायलीस का?” एवढंच विचारलं.

निकाल लागला तेव्हा घार कामावर होती. नवऱ्यानं दुकानातून फोन केला, आणि घारीनं केबिनच्या काचेतून खाली फोरमनला आधी पाच बोटं आणि मग आठ बोटं दाखवली. अठ्ठावन्न. फोरमननं शेडमध्ये मोठ्यानं ओरडून सांगितलं, आणि यंत्रांच्या आवाजात ते फारसं कुणाला ऐकू गेलं नाही तरी सगळ्यांनी वर बघून हात हलवले. सुपरवायझरची ऑर्डर लगेच निघाली नाही. वरच्या कचेरीत ती दोन महिने पडून राहिली, फोरमनला तीनदा खेटे घालावे लागले, पण निघाली.

निकालाच्या दिवशी ती घरी आली तेव्हा पोरगी दारातच गळ्यात पडली. नवऱ्यानं पेढे नव्हे, एक नवा चष्मा आणला होता. “सुपरवायझरला कागद वाचावे लागतात,” तो म्हणाला. बाई खुर्चीत होत्या. त्यांनी रेडिओ बंद केला.

“अठ्ठावन्न,” घार म्हणाली.

“कळलं मला. प्रश्नपत्रिका आणलीस का?”

“आता कशाला? झालं की पास.”

“आण.”

घारीनं पिशवीतून चुरगळलेली प्रश्नपत्रिका काढली. परीक्षेपासून ती तिथेच होती. बाईंनी ती टेबलावर तळहातानं सपाट केली, आणि एक-एक प्रश्नावरून बोट फिरवत खाली आल्या.

“कुठला सोडलास?”

घारीनं दाखवला. वीज साठवणारी दोन सारखी संधारित्रं होती, एक भरलेलं, एक रिकामं. दोन्ही तारेनं जोडली, तर सुरुवातीची निम्मी ऊर्जा कुठे गेली, असं विचारलं होतं. “मला वाटलं माझीच काहीतरी चूक होतेय. ऊर्जा कुठे जाईल? म्हणून सोडला.”

बाईंनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्ची पुढे ओढली.

“तारेत तापते, असं मी शिकवायचे,” त्या म्हणाल्या. “पण तारेला रोधच नसेल तर? मला कधी नीट पटलं नाही ते. बस.”

घारीनं हातपाय धुतले नव्हते. कामाचे बूट अजून पायात होते. ती बसली, आणि बाईंच्या हातातली पेन्सिल तिनं आपल्याकडे घेतली.